‘कोर्ट’ पाहताना बाझां कशाला हवा?

गेल्या खेपेला व्याख्यान संपल्यावर बोरिवलीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, “सर, एम.ए.ला चित्रपट अभ्यास घेतलाय. सगळा अभ्यासक्रम फ्रेंच आणि रशियन नावांचा. आपल्या सिनेमाला त्याचा उपयोग काय?” प्रश्न रास्त आहे. मी शिकत होतो तेव्हा मलाही तो छळायचा. माझा पहिला निबंध ‘यात सिनेमा कुठाय?’ असा शेरा मारून परत आला होता. मी नुसती नावं पेरली होती, दुसरं काय!

आज एकच उदाहरण घेऊ. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’, २०१४चा. शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, कॅमेरा मात्र जागचा हलत नाही. पडदा काळा होतो आणि आपल्याला वाटतं, संपला सिनेमा.

आता आंद्रे बाझां काय म्हणतो? १९५१ साली ‘काये द्यु सिनेमा’ हे मासिक सुरू करणाऱ्यांपैकी हा एक. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शॉट न तोडता लांबवला, जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट ठेवलं, तर काय पाहायचं हे प्रेक्षक ठरवतो. वास्तवातली संदिग्धता शाबूत राहते. ‘कोर्ट’मधली ती दूरवरची, स्थिर चौकट पाहा. सरकारी वकील, न्यायाधीश, आरोपी शाहीर, मागे ताटकळलेले लोक, सगळे एकाच चौकटीत. कुणाकडे बघा असं दिग्दर्शक सांगत नाही. इथवर बाझां बरोबर चालतो.

पण तो काळा पडदा संपतो आणि पुढं काय दिसतं? तेच न्यायाधीश सहलीला, रिसॉर्टवर. बाकावर डुलकी लागलेली, पोरं ओरडून उठवतात, ते एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा झोपतात. अंधारलेलं न्यायालय आणि ही डुलकी शेजारी ठेवली की तिसराच अर्थ निघतो, तो दोन्हींत सुटा कुठेच नव्हता. हे आयझेनस्टाइनचं मॉन्टाज. म्हणजे बाझांचा जो प्रतिपक्ष, तोच इथं कामाला येतो! परीक्षेत ‘कोर्ट हा बाझांवादी चित्रपट आहे’ एवढंच लिहिलंत तर शेवट तुमच्या हातून निसटला.

आणि काही गोष्टी दोघांकडेही नाहीत. या सिनेमात मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती अशा भाषा आहेत. कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलतं, याला न्यायालयात फार वजन आहे. सरकारी वकील बाई लोकलनं घरी जातात, स्वयंपाक करतात, नाटकाला जातात, आणि त्या नाटकात परप्रांतीयांवर राग काढलेला. हे ओळखायला घाटकोपर-मुलुंडची लोकल माहीत असावी लागते. तिथं तुम्ही त्या फ्रेंच माणसाच्या पुढे आहात, हे विसरू नका.

भाषेची भीती म्हणाल, तर अरुण खोपकरांचं ‘गुरू दत्त: तीन अंकी शोकांतिका’ वाचा. मूळ मराठीत आहे, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ बारकाईनं उलगडून दाखवत, तीही आपल्याच इथली परंपरा.

घरी एवढं करा. न्यायालयातला एक प्रसंग घ्या, आवाज बंद करा, घड्याळ लावून प्रत्येक शॉटची लांबी लिहा. मग आवाज चालू करून कुठली भाषा कधी बदलते ते समोरच्या रकान्यात टिपा. पुढच्या शनिवारी तो कागद घेऊन या, त्यावरूनच बोलू.