घरातील ध्वनिमुद्रण आणि भिंतींचा घुमारा

अंथरुणास खिळलेल्या वृद्धांसाठी शुभवर्तमानावरील चिंतन घरीच मुद्रित करून धाडण्याचा उपक्रम आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी आरंभिला आहे. उपक्रम स्तुत्य, परंतु ज्यांस मुळातच कमी ऐकू येते, त्यांच्या कानी शब्दांऐवजी नुसता घुमारा पडावा, हे आम्हांस खटकते. दोष यंत्राचा नव्हे, उघड्या भिंतींचा आहे.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग व्याख्यानगृहात हाच पेच पडला होता. उच्चारलेला शब्द तेथे सुमारे ५½ सेकंद घुमत राही! वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील बैठकींच्या गाद्या रात्री आणून मांडल्या. गाद्या वाढत गेल्या तसतसा नाद ओसरला.

आपणही प्रथम टाळी वाजवून पाहावी. मागे झणकार उरत असल्यास बोलणाऱ्याच्या पाठीमागे व दोन्ही बाजूंस जाड गोधड्या, भिंतीपासून चार बोटे सोडून, टांगाव्यात. मायक्रोफोन मुखापासून वीतभर असावा. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे डकविण्याची टूम मात्र फोल होय. त्याने खर्जातला घुमारा हटत नाही. रस्त्यावरचा गोंगाट गोधडीने अडत नाही. त्यासाठी पहाटेची वेळ बरी. गोधड्या नसतील, तर कपड्यांनी भरलेले कपाट उघडून त्यासमोर बसावे.