जीपच्या वायरलेसमधली खरखर

१९७० च्या दशकात शेवगावच्या रस्त्यांवर पेट्रोलच्या जीपा होत्या. अशा जीपमध्ये वायरलेस सेट असला, की इंजिन सुरू होताच स्पीकरमध्ये टकटक सुरू व्हायची आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती वाढायची. बोल सेटला लागायचा, मूळ मात्र प्लगमध्ये असायचं. प्लगमध्ये पडणारी प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी सोडते आणि हाय टेन्शनची वायर एरियलचं काम करते.

उपाय मोजके होते. रेझिस्टन्सवाली प्लग-कॅप, बोनेटला चासीशी जोडणारी तांब्याची पट्टी, कॉइलला कंडेन्सर. हा कंडेन्सर स्विचकडून करंट येतो त्याच टोकाला लावायचा. पॉइंटच्या टोकाला लावला तर ठिणगी कमजोर होते आणि गाडी मिसिंग करू लागते.

पुढे डिझेलच्या गाड्या आल्या. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही, म्हणून टकटक गेली. उरली ती चार्जिंगची शिट्टी. डायनमोचे कार्बन झिजले, अल्टरनेटरचा डायोड गेला किंवा अर्थिंग सैल झालं, की ती ऐकू येते.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. नगरला १९४८ पासून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे आणि रणगाड्यातल्या जवानाला इंजिनाच्या धडधडीतच वायरलेसवर बोलावं लागतं. नगरमधल्याच व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेत वाहनांतल्या अशा विद्युतचुंबकीय अडथळ्यांची चाचणी होते. शेवगावहून दीड-दोन तासांवर एवढं ज्ञान असताना गॅरेजमध्ये अंदाजानं वायरी बदलल्या जाव्यात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता खरखर येते ती एलईडी लाइट आणि स्वस्त मोबाइल चार्जरमधून. इंजिन बंद असतानाही ती चालू राहिली, तर आधी चार्जर काढून बघावा.

दोष शोधायची रीत मात्र जुनीच आहे. सेटची एरियल काढा. आवाज गेला तर तो हवेतून येत होता, राहिला तर वायरीतून येतोय. पेट्रोलची गाडी मोकळ्या जागी, न्यूट्रलमध्ये उभी करून इंजिन रेस करा आणि चावी बंद करा. आवाज तत्क्षणी थांबला तर दोष इग्निशनचा. इंजिन थांबत जाईल तशी शिट्टी उतरत गेली, तर चार्जिंगचा.

गॅरेजवाल्या मित्रांना एकच विनंती आहे. सेटच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून घ्या. डॅशबोर्डच्या वायरिंगमधून सप्लाय घेऊ नका.