बक्षिसानंतरची वाटचाल

स्पर्धेतील एका विजयाने गायक घडतो काय? डच वाद्यवृंद ‘टीच-इन’ने १९७५ साली स्टॉकहोम येथे युरोव्हिजन स्पर्धा जिंकली; आज त्याची ओळख उरली ती बहुतांशी त्याच विजयापुरती.

महेंद्र कपूर यांचे तसे झाले नाही. अमृतसरचा हा तरुण १९५७ साली मुंबईच्या मेट्रो-मर्फी गायनस्पर्धेत पहिला आला. परीक्षकांपैकी सी. रामचंद्र यांनी त्यांस ‘नवरंग’ (१९५९) चित्रपटात गावयास दिले. पुढे ‘उपकार’मधील गीतास राष्ट्रीय पुरस्कार लाभला. मायबोली पंजाबी असूनही दादा कोंडके यांच्या चित्रपटांतून त्यांचे मराठी गायन घरोघरी पोहोचले. २००८ साली ते निवर्तले.

बिदर-कलबुर्गीच्या सीमेवर दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांनी ध्यानी घ्यावे: बक्षीस हा आरंभ होय, पुढे रियाज हवा, आणि परभाषेविषयी आदरही.