पाहुणा बाजार व त्यामागील शेतकरी

इंग्लंडातील लहान बाजारगावांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक नवा प्रघात पडला आहे. वर्षातून एकदा किंवा दोनदा, बहुधा गुरुवारपासून रविवारपर्यंत, गावच्या चौकात परदेशी खाद्यपदार्थांचा बाजार उतरतो. इंग्रज लोक आपले बेट सोडून उरलेल्या यूरोपास ‘कॉन्टिनेंट’ म्हणतात. त्यावरून या बाजारास ‘कॉन्टिनेंटल मार्केट’ असे नाव मिळाले आहे. आपण त्यास पाहुणा बाजार म्हणू.

या बाजारात फ्रान्सचे चीज, लसणाच्या माळा व लोण्याची बिस्किटे, स्पेन व इटलीकडील मुरवलेली ऑलिव्ह फळे, जर्मनीचे भाजलेले मांसाचे पदार्थ आणि हॉलंडच्या पाकभरल्या पातळ वड्या विकावयास असतात. एखादा दुकानदार मोठ्या कढईत स्पेनकडील भात शिजवून गरमागरम वाढतो. चार दिवस गावात गर्दी लोटते आणि पाचव्या दिवशी चौक पूर्ववत रिकामा होतो.

वरवर पाहता ही एक हौसेची जत्रा आहे. तथापि जो शेतकरी आपला माल दूरच्या पेठेत नेऊ इच्छितो, त्याने या पालांच्या मागे काय आहे हे अवश्य पाहावे. असा बाजार कसा भरतो, त्यापासून गावास लाभ होतो की हानी, आणि त्यात माल पिकविणाऱ्यास काय मिळते, या तीन गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे.

बाजार भरविण्याचा हक्क

इंग्लंडात कोणीही उठून बाजार भरवावा अशी मोकळीक पूर्वापार नाही. बाजार भरविण्याचा हक्क राजाच्या सनदेने मिळत असे आणि अशा अनेक जुन्या सनदा आजही कायद्याने मानल्या जातात. एका सनदी बाजारापासून सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैलांच्या आत दुसरा प्रतिस्पर्धी बाजार भरू नये, असा नियम आहे. हा विचित्र आकडा कोठून आला, याची उपपत्ती तेराव्या शतकातील ब्रॅक्टन या विधिज्ञाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात आहे. मनुष्याची दिवसाची चाल वीस मैल धरावी. दिवसाचा एक तृतीयांश बाजारास जाण्यात, एक तृतीयांश खरेदी-विक्रीत आणि उरलेला परत येण्यात जावा, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी शेतकरी घरी पोहोचेल. वीस मैलांचा तिसरा हिस्सा म्हणजेच हे अंतर होय. आठवड्याच्या बाजारास बैलगाडी जुंपून गेलेल्या आपल्या वाचकांस या हिशेबातील शहाणपण निराळे सांगावयास नको.

यामुळे पाहुण्या बाजारास गावच्या नगरसभेची किंवा सनदधारकाची परवानगी घ्यावी लागते. बहुधा एखादा मक्तेदार पुढे येऊन सर्व जागेचे भाडे एकरकमी ठरवितो आणि मग निरनिराळ्या दुकानदारांस पाले वाटून देतो. कोणत्या तारखा, किती पाले, कोणता माल व किती भाडे हे करारात लिहिलेले असते. बाजार गावास हितकारक होईल की अहितकारक, हे पुष्कळ अंशी या करारावरच ठरते.

गावाचा लाभ व हानी

कायम दुकान थाटून बसलेल्या व्यापाऱ्याची तक्रार सरळ आहे. तो बारा महिने भाडे व कर भरतो, पावसापाण्यात दुकान उघडे ठेवतो. पाहुणा मात्र ऐन हंगामाच्या चार दिवसांत येऊन लोकांच्या खिशातील पैसा घेऊन जातो. एका घराने महिन्याच्या खाण्यावर जो खर्च करावयाचा, तो जर पाहुण्याच्या पालावर झाला, तर गावच्या खाटकाचा किंवा भाजीवाल्याचा गल्ला तितका रिकामा राहणारच.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बाजाराच्या निमित्ताने आसपासच्या खेड्यांतील लोक गावात येतात. जो एरवी मोठ्या शहरातील प्रचंड दुकानात जाऊन सर्व खरेदी एकदम करतो, तोही त्या दिवशी चौकात उतरतो. तो ऑलिव्ह घेतो, आणि जाता जाता गावच्या भट्टीची पावही घेतो. मात्र हे केव्हा घडते? पाहुण्याचा माल गावच्या मालाहून निराळा असेल आणि गावच्या नित्याच्या विक्रेत्यांस चौकातून उठवून कोपऱ्यात घातलेले नसेल, तेव्हाच. जेथे नगरसभेने केवळ भाड्याकडे पाहून जागा दिली, तेथे कलह होणे साहजिक आहे.

स्थानिक शेतकऱ्यांनी यावर निराळा उपायही काढला. सन १९९७ मध्ये बाथ या शहरी ब्रिटनमधील आधुनिक पद्धतीचा पहिला शेतकरी बाजार सुरू झाला. अशा बाजाराचे दोन नियम मुख्य असतात. माल ठरावीक अंतराच्या आतला असावा आणि तो पिकविणाऱ्याने किंवा त्याच्या माणसाने स्वतः विकावा. पाहुणा बाजार दूरच्या नावावर चालतो, तर शेतकरी बाजार जवळच्या ओळखीवर चालतो. दोहोंतही ग्राहक एकच गोष्ट विकत घेतो, ती म्हणजे माल कोठला व कोणाचा याविषयीची खात्री.

रोस्कॉफचा कांदा

पाहुण्या बाजाराची ही पद्धत नवी असली, तरी समुद्र ओलांडून दारोदार माल विकण्याची चाल जुनी आहे. तिचे उत्तम उदाहरण कांद्याचेच आहे, म्हणून आमच्या वाचकांस ते विशेष मनोरंजक वाटेल.

फ्रान्सच्या वायव्य टोकास ब्रिटनी प्रांतात रोस्कॉफ नावाचे लहान बंदर आहे. तेथे गुलाबी कांदा पिकतो. पॅरिसची पेठ तेथून पाचशे किलोमीटरहून दूर, आणि इंग्लंडचे प्लिमथ बंदर मात्र समुद्रमार्गे त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर. सन १८२८ मध्ये आँरी ऑलिव्हिए या तरुणाने काही सोबत्यांसह कांद्याने भरलेली होडी पलीकडे नेली आणि सर्व माल विकून तो परतला. त्याचे पाहून इतरही जाऊ लागले. जुलैच्या सुमारास निघावे, बंदरानजीक एखादे रिकामे कोठार भाड्याने घ्यावे, तेथे कांद्याच्या वेण्या विणाव्यात, आणि त्या खांद्यावरील काठीस किंवा पुढे सायकलीच्या दांड्यास अडकवून गावोगाव हिंडावे, असा क्रम वर्षअखेरपर्यंत चाले. इंग्रज गृहिणी या विक्रेत्यांस ‘ऑनियन जॉनी’ म्हणत. वेल्स प्रांतात तर त्यांची ब्रेटन बोली व तेथील वेल्श बोली या भगिनी असल्याने बोलणेही लवकर जमे.

वेणी विणण्यात केवळ शोभा नव्हती. माना एकत्र गुंफून टांगलेला कांदा हवेशीर राहतो, एकमेकांच्या दाबाने नासत नाही, आणि ग्राहकाच्या स्वयंपाकघरातही पुष्कळ दिवस टिकतो. आपली कांदाचाळ जे काम करते, तेच येथे वेणी करीत असे. शिवाय वेणी पाहताच हा रोस्कॉफचा कांदा अशी ओळख पटे. म्हणजे एकच युक्ती साठवणही होती व खूणही होती.

सन १९२९ मध्ये सुमारे १४०० जॉनींनी ९००० टनांहून अधिक कांदा ब्रिटनमध्ये नेला. पुढे जगभर मंदी आली, पौंडाची किंमत उतरली, आणि १९३४ पर्यंत ४०० हून कमी माणसे व ३००० टनांहून कमी माल इतका हा धंदा खाली आला. या व्यापारात प्राणाचेही मोल द्यावे लागले. नोव्हेंबर १९०५ मध्ये हंगाम आटोपून परतणारे ‘हिल्डा’ नामक जहाज सें-मालो बंदरानजीक बुडाले, त्यात सुमारे सत्तर जॉनी मृत्युमुखी पडले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, जॉनी हा कष्टाळू होता, परंतु परकीय चलनाच्या व सरकारी धोरणाच्या लाटेपुढे एकेकटा शेतकरी टिकू शकला नाही. परक्या पेठेत पाऊल टाकणाऱ्याच्या पाठीशी संघ असावा लागतो, हा धडा त्या मुलखाने पुढील पिढीत गिरविला.

संघ व जहाज

रोस्कॉफच्या शेजारच्या सें-पोल-द-लेओं या गावाभोवती फुलकोबी व आर्टिचोक या भाज्यांचे मोठे पीक निघते. भाव पडले की सर्व तोटा शेतकऱ्याच्या अंगावर येई, कारण भाव व्यापारी ठरवीत. जून १९६१ मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी मोर्ले येथील सरकारी कचेरीचा कबजा घेतला. त्यांचा पुढारी अलेक्सी गूर्व्हेनेक हा त्या वेळी अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्यास अटकही झाली. परंतु चळवळ केवळ दंग्यावर थांबली नाही. त्याच वर्षी शेतकऱ्यांनी ‘सिका’ नावाचा आपला संघ उभारला आणि उतरत्या लिलावाची पद्धत सुरू केली. या लिलावात तबकडीवर भाव वरून खाली उतरत येतो. जो खरेदीदार प्रथम कळ दाबील, त्यास त्या भावाने माल मिळतो. सर्व माल एकाच ठिकाणी, सर्वांच्या देखत विकला जात असल्याने पडद्याआड भाव पाडण्यास वाव उरत नाही.

पुढे रोस्कॉफ येथे खोल पाण्याचे बंदर बांधून घेण्यात या शेतकऱ्यांस यश आले. परंतु तेथून इंग्लंडास नियमित जहाज चालविण्यास प्रस्थापित कंपन्या तयार होईनात. तेव्हा शेतकऱ्यांनीच कंपनी काढली. ब्रिटनने यूरोपीय आर्थिक समूहात १ जानेवारी १९७३ रोजी प्रवेश केला, आणि दुसऱ्याच दिवशी ‘केरिस्नेल’ हे त्यांचे जहाज रोस्कॉफहून प्लिमथला निघाले. ज्या खेड्यात संघाचा भाजीबाजार आहे, त्याचेच नाव जहाजास दिले होते. ही कंपनी आज ‘ब्रिटनी फेरीज’ या नावाने प्रसिद्ध आहे. खांद्यावरील काठीपासून स्वतःच्या जहाजापर्यंतचा हा प्रवास दीडशे वर्षांत झाला.

नावाचे संरक्षण

माल पेठेत पोहोचला तरी एक भय उरतेच. चांगल्या मालाचे नाव झाले की हलका माल त्याच नावाने विकला जातो. फ्रान्सने याचा बंदोबस्त कायद्याने केला आहे. ठरावीक मुलखात, ठरावीक रीतीने तयार झालेल्या मालासच त्या मुलखाचे नाव लावता येते. रोकफोर चीजला असे संरक्षण १९२५ साली मिळाले. रोस्कॉफच्या कांद्यास ते फ्रान्समध्ये २००९ साली व यूरोपीय संघात २०१३ साली मिळाले. पाहुण्या बाजारातील पालावर जी किंमत मागितली जाते, तिच्यात या नावाचा वाटा मोठा असतो.

मात्र पालावरील प्रत्येक दुकानदार शेतकरी असतो असे समजू नये. पुष्कळसे निव्वळ विक्रेते असतात व माल घाऊक पेठेतून उचलतात. ज्या मालास संघ व नाव आहे, त्याचा विक्रेता कोणीही असला तरी उत्पादकाचा भाव काही अंशी राखला जातो. ज्यास ते नाही, त्याचा नफा विक्रेत्याच्याच पदरी राहतो.

सरकारी धोरणाची लाट मात्र अद्यापि शमलेली नाही. ब्रिटन यूरोपीय संघाच्या सामाईक पेठेतून २०२० अखेर बाहेर पडले. १ जानेवारी २०२१ पासून जकातीचे कागद आले, आणि ३१ जानेवारी २०२४ पासून चीज व मांस यांसारख्या अनेक पदार्थांसाठी आरोग्याचे दाखले मागण्यास सुरुवात झाली. मोठ्या आयातदारास हा खर्च हजारो पेट्यांवर वाटता येतो. एका गाडीत दहा प्रकारचा थोडाथोडा माल घेऊन येणाऱ्या पाहुण्या दुकानदारास तो जड जातो.

आपण काय घ्यावे

आपल्याकडेही पाहुणा बाजार अगदी अपरिचित नाही. आंब्याच्या हंगामात कोकणचे बागाईतदार पुण्यास येऊन आंबा महोत्सवात आपल्या पेट्या थेट ग्राहकास विकतात, तो याच जातीचा बाजार होय. महाराष्ट्रात फळे व भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, त्यामुळे असा मार्ग पूर्वीपेक्षा मोकळा झाला आहे. त्या दृष्टीने तीन सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, परगावी न्यावयाचा माल टिकाऊ व ओळखू येणारा असावा. प्रतवारी न करता पोत्यात भरलेला माल परक्या चौकात उभा राहू शकत नाही. बेदाणा, हळद, गूळ, काजू यांसारख्या मालास या कामी अधिक सोय आहे.

दुसरी, नाव केवळ मिरवू नये, कायद्याने आपलेसे करावे. लासलगावचा कांदा, सांगलीचा बेदाणा, मंगळवेढ्याची ज्वारी यांस २०१६ साली, व कोकणच्या पाच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकन संस्थेच्या नावे झाले एवढ्याने शेतकऱ्याचे काम भागत नाही. त्याने स्वतः ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करून घेतली पाहिजे. ती नसल्यास ते नाव कायदेशीरपणे पेटीवर छापण्याचा अधिकार त्यास मिळत नाही, आणि परप्रांतीय आंबा हापूस म्हणून विकला गेल्यास दाद मागण्यासही तो दुबळा पडतो.

तिसरी, परक्या गावी जाताना एकेकट्याने जाऊ नये. जागेचा करार, वाहतूक, मालाची तपासणी व भावाची किमान मर्यादा या गोष्टी संघाने ठरवाव्यात. आपल्या गावी पाहुणा बाजार येऊ घातला असेल, तर नगरपालिकेकडे आधीच जाऊन तारखा, मालाचे प्रकार व स्थानिक विक्रेत्यांची जागा यांविषयीच्या अटी लिहून घ्याव्यात. बाजार उठल्यावर केलेल्या तक्रारीस काही अर्थ उरत नाही.

पाहुण्या बाजारास भिण्याचे कारण नाही, व त्यास भुलण्याचेही नाही. आपल्या संघाच्या पुढील बैठकीत निदान इतके पाहावे की, आपल्या सभासदांपैकी किती जणांनी आपल्या मालाच्या मानांकनाखाली वापरकर्ता म्हणून नोंद केली आहे. तो आकडा लहान निघाल्यास कामास तेथूनच आरंभ करावा.