मरळ : घोळका, गळ आणि कालवण

संध्याकाळी लावलेले जाळे पहाटे ओढले, तर त्यात कधी कधी मेलेली मरळ निघते. अंगावर जखम नसते, कल्ले शाबूत असतात. भोई सांगतात, "बुडून मेली." मासा पाण्यात बुडतो हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला थट्टा वाटली होती, पण ते अक्षरशः खरे आहे. मरळीला कल्ल्यांतून मिळणारा प्राणवायू पुरत नाही. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या अंगाला, दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. तोंड पाण्याबाहेर काढून घेतलेली हवा तिथे जाते आणि आतल्या घड्या पडलेल्या त्वचेतून तिच्यातला प्राणवायू रक्तात उतरतो. जाळ्यात अडकून वर येता आले नाही, की मरळ गुदमरते.

आमचे पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजाराचे गाव. माशांसाठी त्याचे नाव कोणी घेणार नाही. समुद्र पाहायचा तर आम्हांला रात्रभर प्रवास करावा लागतो. खाडी नाही, पण फुगवटा आहे. शेलूदचे धामणा, दानापूरचे जुई ही भोकरदन तालुक्यातली धरणे भरली, की पाणी ओढ्यांत मागे सरकते, बाभळींच्या बुंध्यांशी आणि पाणगवतात शिरते. तिथे पाणी कोमट, उथळ, गढूळ असते. रोहू-कटला अशा जागी फार रमत नाहीत, मरळ रमते. हवा वरून घेता येत असल्याने पाण्यात प्राणवायू कमी असला तरी तिचे अडत नाही. तळे आटले तर ती ओल्या चिखलात दडून राहते. १९७२ आणि २०१२-१३ हे दोन दुष्काळ ज्या जिल्ह्याच्या हाडात मुरले आहेत, त्या जिल्ह्याला साजेशीच ही मासळी आहे.

मरळ धरायची जुनी रीत गळाची. बांबूची काठी, जाड तंगूस, मोठा गळ आणि गळाला जिवंत बेडूक. बेडूक पाण्यावर तरंगत, गवताच्या कडेकडेने हळूहळू ओढत न्यायचा. पाणी फुटल्याचा आवाज झाला तरी लगेच झटका द्यायचा नाही. बेडूक तोंडात नीट जाऊ द्यायचा. उतावळा माणूस इथेच मासा गमावतो. मी पुष्कळ गमावले आहेत.

पण पावसाळ्यात याहून सोपी रीत आहे. ती मला चौदा-पंधराव्या वर्षी एका म्हाताऱ्या भोयाने दाखवली. डोहाच्या कडेला परातीएवढ्या जागेत पाणी बारीक उकळी फुटल्यासारखे हलत होते. निरखून पाहिले तर शेंदरी रंगाची बोटाच्या पेराएवढी शेकडो पिल्ले, एका घोळक्यात. सगळी मिळून वर येत, हवेचा घोट घेत, पुन्हा खाली जात. "ह्याच्या मदी टाक गळ," आजोबा म्हणाले. टाकला, आणि खालून जी धडक आली तिने काठी हातातून सुटायची वेळ आली. आजोबांनी सांगितले, "भुकेनं नाही धरत ते. रागानं धरतंय."

त्या वाक्याचा अर्थ मला पुढे पुस्तकांतून समजला. मरळीची जोडी पाणगवत बाजूला सारून थाळीएवढी मोकळी जागा करते. अंड्यांत तेलाचा थेंब असल्याने ती तरंगतात. एक-दोन दिवसांत फुटतात. त्यानंतर काही आठवडे आईबाप, विशेषतः बाप, पिल्लांच्या खाली पहारा देतात. जवळ येईल त्यावर तुटून पडतात. मग तो बेडूक असो, दुसरा मासा असो की माणसाचा पाय. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात. त्यांची अंडी लाखांत असतात, मरळीची काही हजारांत. म्हणजे संख्येची उणीव ती राखणीने भरून काढते. राखणदारच उचलला, तर तो हिशेब कोसळतो. दुसऱ्या दिवशी मी त्याच डोहावर गेलो होतो. पाणी सपाट होते. छोटे-मोठे मासे रात्रीतून घोळका खाऊन गेले होते, हे तेव्हा मला कळले नाही. आपण काल केवढी मरळ धरली, एवढेच आठवत होते.

आजोबांना मी दोष देत नाही. पावसाळ्यात पाणी फुगते, मासे पांगतात, जाळे रिकामे येते. अशा दिवसांत घोळका ही एकमेव खात्रीची जागा असते. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना मासेमारी बंद असते, पण आमच्या डोहावर बेडूक घेऊन बसलेल्याला ती तारीख कोण सांगणार?

आपल्या पूर्वजांनी माशांचा विणीचा काळ ओळखूनच श्रावण पाळायला सांगितला, असे लेख अधूनमधून वाचनात येतात. मला ते पटत नाही. मरळीची वीण पहिल्या मोठ्या पावसापासून सुरू होते, म्हणजे ऐन आखाडात. आणि श्रावण लागण्याआधी मांस-मासळीवर ताव मारण्याचा महिना तोच. श्रावणात मरळीला थोडी उसंत मिळते हे खरे, पण तो योगायोग आहे.

मत्स्यशेतीच्या पुस्तकांनी तर मरळीला शत्रूच ठरवले. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्याआधी तळ्यात मोहाची पेंड टाकून मरळीसारखे शिकारी मासे मारून टाकावेत, हा त्यांतला ठरलेला धडा. बाजारात मात्र तीच मरळ जिवंत, टोपात वळवळत, रोहूपेक्षा चढ्या भावाने विकली जाते. शेजारच्या तेलंगणाने तिला राज्यमासा केले. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तो मान पापलेटला दिला. आणि अमेरिकेत? २००२ साली मेरिलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात मरळीची चिनी बहीण सापडली, तेव्हा सरकारने विष घालून सगळे तळे मारले आणि जिवंत मरळकुळी आयात करायला देशभर बंदी घातली. त्यांची भीती चुकीची नव्हती. जी राखण इथे तिला कशीबशी टिकवते, तीच परक्या पाण्यात तिला आवरेनाशी करते.

आता चुलीकडे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ ११२९ च्या सुमारास झाला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. आमच्या मराठवाड्याच्या शेजारचे. या ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचा भाग आहे : माशांच्या जाती, त्यांना चारा काय घालावा, गळाने कसे धरावे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर निबंध लिहून तो अभ्यासकांपुढे आणला. शाकाहारी माशांना तिळाचे, सातूच्या पिठाचे गोळे. मांसाहारी माशांना मांस. आमचा बेडूक त्याच शहाणपणाचा वारस आहे. याच ग्रंथाच्या अन्नविषयक भागात मासळीची कृती येते : तुकडे धुऊन चिंचेच्या पाण्यात शिजवावेत, गव्हाचे पीठ लावून तेलात तांबूस तळावेत, वरून सैंधव, मिरे आणि वेलदोड्याची पूड.

यात मिरची नाही, कारण ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. आज मिरचीच्या गाड्या भरणाऱ्या माझ्या गावाला हे सांगितले तर हसतील. बाकी कृती मात्र ओळखीची वाटते.

मरळ अंगाने बुळबुळीत. ती चुलीची राख किंवा जाडे मीठ चोळून, पाठीवरून सुरी उलटी ओढून साफ करायची. तुकडे जाड ठेवायचे. मधला कणा सोडला तर मांसात बारीक काटे नसतात, म्हणून लहान पोरांना आणि आजाऱ्याला निर्धास्त देता येते. मलेशियात हिलाच हरुआन म्हणतात आणि बाळंतिणीला, शस्त्रक्रिया झालेल्याला मुद्दाम खाऊ घालतात. आमच्याकडे तुकड्यांना हळद, मीठ, चिंचेचा कोळ लावून घटकाभर ठेवतात. कांदा आणि सुके खोबरे निखाऱ्यावर काळपट भाजून, लसूण-कोथिंबिरीबरोबर पाट्यावर वाटायचे. करडईच्या तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परतून काळा मसाला, तिखट, मग गरम पाणी. रस्सा खळखळ उकळल्यावरच तुकडे सोडायचे आणि त्यानंतर पळी घालायची नाही. पातेले धरून हलवायचे. डोके फेकायचे नाही, रश्शाला चव त्याचीच. बाजरीची भाकरी चालते, पण मला ज्वारीचीच लागते.

अलीकडे मी पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत मरळ घेत नाही. बाजारात बसणाऱ्या मावशींना याचे फार नवल वाटते. परवा म्हणाल्या, "भाऊ, सरावणात मातीमोल देत व्हते तवा तोंड फिरवून गेलात, अन् आता दिवाळी झाली की दुपटीनं न्यायला याल."

येणार आहे. पिशवी नको, डबा आणा म्हणाल्या आहेत. पिशवीतून ती उडी मारते.