केसपेपरच्या खिडकीशी

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर तलासरीकडच्या एका ताईने हळूच सांगितलं, "माझ्या भावाचं लेकरू मुलगा म्हणून जन्मलं, आता बाईसारखं राहतं. दोन महिने खोकतंय, पण दवाखान्यात यायला तयार नाही."

आम्हाला वाटलं, पैशाची अडचण असेल. पण 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यात केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. अडचण खिडकीशीच होती. एका दवाखान्यात तिचं कागदावरचं पुरुषाचं नाव मोठ्याने पुकारलं. साडीतली ती उठली, आणि अख्खी रांग हसली. ती तशीच घरी परतली.

दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या, असं आशाताई आपल्याला नेहमी सांगतात. टीबी निघाला तर साधारण सहा महिन्यांचं औषध, तेही फुकट. तपासणी लांबली तर आजार वाढतो आणि एकाच खोलीत झोपणाऱ्या घरच्यांनाही लागण होऊ शकते. रांगेत हसलो ते आपणच होतो, बरं का.

तृतीयपंथी म्हटलं की आपल्याला सिग्नलवर टाळी वाजवणारेच आठवतात. पण वीटभट्टीवर, चिकूच्या वाडीत आपल्यासोबत राबणारेही असतात. आपला पालघर जिल्हा झाला त्याच वर्षी, 15 एप्रिल 2014 ला, सर्वोच्च न्यायालयाने त्यांची ओळख मान्य केली. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. पुढे 2019 चा कायदा आला. त्याचं कलम 3 सांगतं की तृतीयपंथी व्यक्तीला उपचार नाकारायचे नाहीत, मध्येच थांबवायचे नाहीत, वाईट वागवायचं नाही. कलम 11 प्रमाणे प्रत्येक संस्थेने तक्रार ऐकणारा अधिकारी नेमायचा असतो. तो कोण, हे दवाखान्यात विचारायला लाजू नका. आम्हीही आधी कधी विचारलं नव्हतं.

गेल्या सोमवारी गटातल्या दोघी तिच्यासोबत गेल्या. डहाणूची एसटी चुकली, मग वडापने गेल्या. खिडकीवरच्या दादांना त्यांनी एवढंच सांगितलं, "नाव पुकारू नका, नंबर पुकारा." दादा म्हणाले, "बरं." एवढ्यावर काम झालं.

थुंकीचा रिपोर्ट अजून यायचा आहे. आणायलाही आम्हीच दोघी जाणार आहोत.