हाडांची निगा, लेखांक ६ : भार हवा, पण पाठ सरळ

हाड वरून दगडासारखे वाटले तरी आत सतत डागडुजी चालू असते. जुने हाड पोखरून काढणाऱ्या पेशी वेगळ्या आणि त्या जागी नवे रचणाऱ्या वेगळ्या. भर कुठे घालायची हे मुख्यतः पडणाऱ्या ताणावरून ठरते. युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये हा नियम मांडला. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळते ते त्यामुळेच. याउलट अंतराळात वजनच जाणवत नसल्याने पुरेसा व्यायाम न केल्यास अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते.

म्हणूनच पोहणे आणि सायकल चालवणे हृदयाला कितीही हितकारक असले तरी हाडांना त्यांचा फायदा बेताचाच. पाय जमिनीवर टेकून शरीराचे वजन पेलले गेले पाहिजे, नाहीतर स्नायूंनी हाड जोरात ओढले पाहिजे. भरभर चालणे, जिने चढणे, वजने उचलणे हे प्रकार त्यात बसतात. नुसत्या संथ फेरफटक्याची हाडांना लवकरच सवय होते. शिवाय एकाच बैठकीत तोच भार शेकडो वेळा देऊन उपयोग नाही. काही डझन आवर्तनांनंतर हाडातील पेशी दाद देईनाशा होतात. थोडा, पण नेहमीपेक्षा जास्त भार आणि मध्ये विश्रांती, हे गणित जास्त लाभते.

खरी काळजी घ्यायची ती हाडे ठिसूळ झाल्यावर. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. अशा वेळी पाठीचा कणा पुढे गोल वाकवणे धोक्याचे, कारण सगळा दाब मणक्यांच्या पुढच्या कडेवर येतो आणि मणका पाचरीसारखा चेपतो. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ स्त्रिया होत्या. पुढे वाकण्याचेच व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींचे मणके नव्याने चेपले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. अभ्यास छोटा, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. सूर्यनमस्कारातले हस्तपादासन, पश्चिमोत्तानासन, हलासन ही आपल्याकडची नित्याची आसने नेमकी याच प्रकारची आहेत. निरोगी तरुणाला ती चालतात. ठिसूळ मणक्यांना नाहीत. पोटासाठी केले जाणारे सिट-अप्सही टाळावेत.

न्हाणीघरातली भरलेली बादली उचलतानाही हेच घडते. कंबरेतून ओणवे होऊन, हात लांब करून बादली ओढली की मणक्यांवर वजनाच्या कितीतरी पट दाब येतो. बादलीजवळ जावे, पाय थोडे फाकवावेत, पाठ सरळ ठेवून खुबे आणि गुडघे वाकवावेत आणि बादली अंगालगत धरून पायांच्या जोरावर उठावे. शक्यतो ती अर्धीच भरावी.

व्यायामाच्या सुरुवातीला खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि ओट्याला धरून टाचा उचलणे पुरते. तोल सांभाळण्याचा सराव याच ओट्याशी, एका पायावर उभे राहून करता येतो, आणि तो अजिबात वगळू नये. खुब्याचे बहुतेक अस्थिभंग पडल्यामुळेच होतात. आधी हाड मोडलेले असेल तर उड्या आणि जड वजने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच.

वाकताना किंवा काही उचलताना पाठीत अचानक तीव्र कळ आली तर व्यायाम थांबवून मणक्यांचा एक्स-रे काढून घ्यावा.